एका दमाचे शब्द

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या कचेरीत पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने एका शब्दासाठी नऊ महिने दिले. शब्द दुर्मीळ नव्हता, परभाषेतून आलेला नव्हता, त्याच्या स्पेलिंगवरूनही कुणाचा वाद नव्हता. शाळेत पाय टाकण्याआधीच इंग्रज मुलाला तो येतो. शब्द होता ‘रन’. नऊ महिन्यांनंतर कोशात या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. २०११ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांत आली, तेव्हा बहुतेक वाचकांची पहिली प्रतिक्रिया एकच होती : धावण्यात एवढं आहे तरी काय?

त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता. १९८९ साली कोशाची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली, तिच्यात ‘सेट’चे ४३० हून अधिक अर्थ होते आणि त्या एका नोंदीने सुमारे ६० हजार शब्दांची जागा घेतली होती. बेताच्या आकाराची एक कादंबरीच म्हणायची. तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं, एकेका नोंदीची उजळणी होऊ लागली आणि ‘सेट’ मागे पडला. २००० मध्ये ‘मेक’ पुढे गेला, २००७ मध्ये ‘पुट’, आणि मग ‘रन’ सगळ्यांच्या पुढे.

सेट, मेक, पुट, रन. आकड्यांच्या कौतुकात एक साधी गोष्ट निसटते, ती अशी की हे चारही शब्द तोंडातून एका दमात बाहेर पडतात. शब्दकोशातले भारदस्त, चार-चार, पाच-पाच तुकड्यांचे लॅटिन-ग्रीक कुळीचे शब्द या यादीच्या आसपासही दिसत नाहीत. त्यांचा अर्थ एक, फार तर तीन. मग सगळ्यांत तोकड्या शब्दांवर अर्थांचं सगळ्यांत मोठं ओझं का पडावं, हा या व्याख्यानाचा विषय.

‘एका दमात’ हा शब्दप्रयोग मुद्दाम केला आहे. भाषाशास्त्रात इंग्रजी ‘सिलेबल’साठी ‘अक्षर’ म्हणतात, पण मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अक्षर म्हटलं की लिपीतलं अक्षर येतं. हे दोन्ही एक नव्हेत. ‘रन’ देवनागरीत लिहिला तर दोन अक्षरं भरतात, उच्चारात मात्र एकच झटका. ‘घर’चंही तसंच. ‘कमळ’मध्ये अक्षरं तीन आणि झटके दोन. ‘करवत’मध्ये अक्षरं चार आणि झटके पुन्हा दोनच : कर्, वत्. आपण लिहितो ‘अ’कारान्त आणि बोलतो व्यंजनान्त. मुलांकडून टाळ्या वाजवून शब्द मोजून घेणाऱ्या शिक्षकांना हा घोळ चांगला ठाऊक असतो.

इंग्रजीतला घोळ वेगळा आहे. तिथे ‘स्ट्रेंग्थ्स’ हा रोमन लिपीत नऊ अक्षरांचा ऐवज उच्चारात एकाच झटक्याचा ठरतो, कारण त्यात स्वर एकच. ‘फायर’ एका झटक्याचा की दोन, यावर खुद्द इंग्रजांतही एकमत नसतं. ‘चॉकलेट’ रोमन लिपीत तीन भागांचं दिसतं आणि बोलताना बहुतेक जण दोनच भागांत उरकतात. मराठीने ते सरळ ‘चॉक-लेट’ करून टाकलं, हे बरंच झालं.

इंग्रजीतले हे शब्द मुळात इतके आखूड नव्हते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘सेट’चं रूप होतं ‘सेत्तान’, आणि ‘रन’ची रूपं होती ‘रिन्नान’ व ‘इर्नान’. म्हणजे दोन झटके. पुढच्या चार-पाच शतकांत शब्दांची शेवटं हळूहळू झिजली. ‘सेत्तान’चं ‘सेत्तेन’ झालं, त्याचं ‘सेत्त’ आणि शेवटी ‘सेट’. चौदाव्या शतकात चॉसर कविता लिहीत होता तेव्हा शेवटचा अस्पष्ट स्वर पद्यात अजून मोजला जात होता. पुढे तो बोलण्यातून पार गेला, आणि चॉसरच्या ओळी वाचणाऱ्यांना त्या लंगड्या वाटू लागल्या. १७०० मध्ये ड्रायडनसारख्या कवीनेही ठरवून टाकलं की चॉसरला वृत्त धड जमत नव्हतं, त्याच्या ओळींत अक्षरं कमी पडतात. १७७५ पासून टॉमस टिरविटने चॉसरची आवृत्ती काढली आणि दाखवून दिलं की उणीव चॉसरच्या ओळीत नव्हती, वाचणाऱ्यांच्या उच्चारात होती.

मराठी वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, हा हिशेब शाळेत शिकवतात. तो जुळायचा तर ‘देव’ दोन अक्षरी धरावा लागतो. आजच्या बोलीत ‘देव’ हा एकच झटका आहे. बातम्या वाचाव्यात तसा अभंग वाचला तर चरण तोकडे पडतील. टाळ-मृदंगावर म्हणताना मात्र वारकरी शेवटचा ‘अ’ पुरा उच्चारतो आणि हिशेब चुकत नाही. ड्रायडनच्या हाताशी भजनी मंडळ नव्हतं.

तेव्हा आखूडपणा हा या शब्दांचा स्वभाव नाही, ती वापराने झालेली झीज आहे. जो शब्द दिवसातून शंभरदा तोंडी येतो तो झिजतो. आणि शंभरदा तोंडी येतो म्हणूनच तो नवनव्या कामांना जुंपला जातो. हार्वर्डमधले जॉर्ज किंग्सली झिप्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे आकड्यांत मांडायचा प्रयत्न केला. १९४५ च्या लेखात त्यांनी दाखवलं की शब्दाच्या अर्थांची संख्या साधारणपणे त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एक शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट वापरात असेल तर त्याचे अर्थ दहापट असण्याचा संभव. हा काही गुरुत्वाकर्षणासारखा नियम नव्हे, कल आहे. पण हा कल आणि ‘जास्त वापराचे शब्द आखूड असतात’ हा झिप्फ यांचाच दुसरा कल शेजारी ठेवले की सेट, मेक, पुट, रन ही यादी चमत्कार वाटेनाशी होते. ‘बघा, इंग्रजी किती श्रीमंत! एका शब्दाचे सहाशे अर्थ!’ हे कौतुक त्यामुळेच फसवं आहे. जिथे माणसं बोलतात तिथे हे घडतंच.

‘सेट’चं घराणं पाहण्यासारखं आहे. ‘सिट’ म्हणजे बसणं आणि ‘सेट’ म्हणजे बसवणं. एक मूळ क्रियापद, दुसरं त्याचं प्रयोजक. दोन्हींचा धातू संस्कृत ‘सद्’चा भाऊबंद. संसद, परिषद, उपनिषद, सदन यांत जो बसलेला आहे तोच हा. संस्कृत ‘सादयति’, म्हणजे बसवतो, आणि जुनं इंग्रजी ‘सेत्तान’ ही घडणीनेही एकमेकांची जुळी भावंडं आहेत. साहित्य परिषदेच्या सभागृहात ‘सेट’ला परका म्हणता येणार नाही.

पण याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. मराठी ‘बसणे’चा ‘सद्’शी संबंध नाही, तो ‘उपविश्’पासून ‘बैसणे’च्या वाटेने आला. तरी ‘बसवणे’ने जवळजवळ ‘सेट’चीच वाट धरली. इंग्रज हाड ‘सेट’ करतो, आपण हाड बसवतो. तो अंगठीत हिरा ‘सेट’ करतो, आपण बसवतो. तो कवितेला संगीतात ‘सेट’ करतो, आपण कवितेला चाल लावतो. इथे वाटा फुटल्या, पण नाटक मात्र आपण बसवतोच. गणपती बसवतो, पंप बसवतो, विसकटलेली घडी बसवतो. आणि नुसतं ‘बसणे’? धंदा बसला, घसा बसला, दणका बसला, टोपी डोक्यात बसेना, मुलगी परीक्षेला बसली, मुलगा नापास होऊन घरी बसला, आणि साडी कितीला बसली. यातल्या एकाही ठिकाणी कुणी बूड टेकलेलं नाही.

‘सेट’च्या नोंदीत एक फसगतही आहे. कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट यांतला ‘सेट’ मुळात या घराण्याचा नव्हेच. समूह या अर्थाचं ते नाम जुन्या फ्रेंचमधून आलं, त्याच्यामागे लॅटिन ‘सेक्टा’, ज्यातून पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ निघाला. दोन अनोळखी शब्द झिजता झिजता एकसारखे झाले, एका छपराखाली राहू लागले आणि एकमेकांवर परिणाम करू लागले. आखूड शब्दांचं असं होतं. एका झटक्यात बसणारे उच्चार किती असणार? लांब शब्द सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, आखूड शब्द सारखे आदळतात. मराठीत तर तिसराच ‘सेट’ येऊन मिळाला : प्राध्यापकीसाठी द्यावी लागणारी ‘नेट-सेट’मधली सेट. ती नुसती आद्याक्षरं आहेत. तरीही ‘सेट झाली की पोरगा सेट होईल’ हे वाक्य विद्यापीठाच्या आवारात कुणालाही समजतं.

या उधार शब्दाचे सगळेच अर्थ मराठीने घेतले नाहीत. गणितात ‘संच’ केला, आणि तो नववीच्या पुस्तकापर्यंत पक्का रुजला. रंगभूमीवर ‘नेपथ्य’ आधीच होतं, तरी सिनेमावाले ‘सेटवर’ जातात. सूर्याच्या बाबतीत ‘मावळणे’ला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आणि ‘सेटिंग’ या रूपाला मराठीने जो अर्थ दिला आहे, तो ऑक्सफर्डच्या कोशकारांच्या कानावर गेला तर त्यांना आणखी एक अर्थ नोंदवावा लागेल.

‘रन’ला धाव म्हणावं, तर अर्ध्या ठिकाणी पाय दिसतच नाहीत. नदी ‘रन’ करते, नळ करतो, सर्दीत नाक करतं, धुताना कापडाचा रंग करतो. ही सगळी रूपकं वाटतात, पण इथे सावध राहायला हवं : जुन्या इंग्रजीतही हे क्रियापद वाहण्यासाठी होतं, आणि जर्मनमधला त्याचा सख्खा भाऊ ‘रिनन’ आजही पाणी वाहण्याबद्दलच बोलतो. मग माणसाचं धावणं हे पाण्याचं रूपक आहे की पाण्याचं वाहणं हे माणसाचं, हे सांगणं अवघड आहे. पुढे यंत्रं आली आणि घड्याळ, इंजिन, कारखाना, आगगाडी, दुकान, सरकार सगळं ‘रन’ होऊ लागलं. लेखक सायमन विंचेस्टर यांनी २०११ मध्ये ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकण्याचं एक कारण हेच मांडलं होतं : यंत्रयुगाचा वेग. कल्पना आकर्षक आहे, पण तिला मराठीवर घासून पाहावं. आपल्याकडेही गिरण्या आल्या, रेल्वे आली. आपण त्यांना पळवलं नाही. गिरणी चालते, घड्याळ चालतं, खटला चालतो, दुकान चालतं, चालक गाडी चालवतो, नाटकाचे शंभर प्रयोग चालतात. इंग्रज जिथे धावला तिथे मराठी माणूस चालत गेला आणि वेळेवर पोहोचला. वेग हेच कारण असतं तर आपण मागे राहायला हवं होतं. यंत्राला क्रियापद हवं होतं, आणि दोन्ही भाषांनी ते घरातल्या सगळ्यांत वापरातल्या शब्दांमधून उचललं, इतकंच. आणि ‘चालेल’ या एका होकाराचे किती अर्थ होतात, हे ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या कोल्हापूरकराला विचारावं.

निवडणुकीत मात्र इंग्रजीच दुभंगलेली आहे. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो. मराठी उमेदवार ब्रिटिश वळणाने उभा राहतो, आणि मग बसतो, म्हणजे माघार घेतो.

क्रिकेटची ‘रन’ हा तर स्वतंत्र खेळ आहे. फलंदाज दोन यष्ट्यांमधलं अंतर धावून काढायचा, म्हणून ती रन. मग चेंडू सीमेपार गेला की न धावताही चार, आणि अधांतरीच पार गेला तर सहा. धावणं संपलं, ‘रन’ मात्र मोजण्याचं एकक होऊन उरली. मराठीने ‘धाव’ हा शब्द घेतला तेव्हा हा उलटा प्रकारही सोबत आला, आणि उभ्या जागी षटकार मारणाऱ्याच्या नावावर सहा धावा लागतात याचं कुणाला नवल वाटत नाही. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन रेडिओवर ऐकत वाढलेल्या पिढीला तर ‘धावा’ हाच मूळ शब्द वाटत आला आहे. मुंबईत ‘रन’ने आणखी एक वाट काढली. लोकल फलाटावरून सुटलेली असताना ‘रनिंगमध्ये’ चढतात, आणि तिथे धावणारी गाडीही असते आणि माणूसही.

आता तो ६४५ चा आकडा. तो मोजणीतून आला की निवाड्यातून? नदी, नळ, नाक आणि कापडाचा रंग हे ‘द्रव वाहणे’ या एका अर्थाचे चार दाखले, की चार अर्थ? ‘रन’ला पुढे ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘अप’, ‘डाउन’ लागून जे तयार होतं, ते नवे शब्द की जुन्याचेच अर्थ? कोशकारांत जोडणारे आणि तोडणारे असे दोन पिंड असतात, आणि वापराचे दाखले टिपलेल्या चिठ्ठ्यांच्या एकाच ढिगाऱ्यातून ते वेगवेगळे आकडे काढू शकतात. अर्थ रेतीच्या कणांसारखे सुटे नसतात, एकातून दुसरा पाझरत असतो. रेघ कोशकार मारतो. म्हणून ६४५ हा ‘रन’बद्दलचा आकडा आहे तितकाच ऑक्सफर्डच्या पद्धतीबद्दलचा आहे.

ती पद्धत मात्र दाद देण्याजोगी. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने जुन्या कोशांतून सुटलेले शब्द गोळा करायला समिती नेमली, तिथून हे प्रकरण सुरू झालं. १८७९ पासून जेम्स मरे संपादक. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, पहिली आवृत्ती पुरी झाली १९२८ मध्ये, मरे गेल्यानंतर तेरा वर्षांनी. तोवर चार लाखांहून अधिक शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणं जमली होती. मऱ्यांच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत खणाखणांतून चिठ्ठ्या लावलेल्या, आणि देशोदेशीचे वाचक पुस्तकं वाचून आणखी चिठ्ठ्या पाठवताहेत. या स्वयंसेवकांत फिट्झएडवर्ड हॉल होता, बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवलेला अमेरिकन पंडित, जो पुढे इंग्लंडमधल्या एका खेड्यात एकांतवासात राहून वर्षानुवर्षं मऱ्यांची मुद्रितं तपासत राहिला. अर्थ मनात सुचून ठरवायचा नाही, वापराच्या दाखल्यांतून काढायचा, आणि प्रत्येक अर्थाला त्याचा जुन्यात जुना दाखला वर्षासकट जोडायचा, हा दंडक.

इतक्या अर्थांत बोलणारा गोंधळत कसा नाही, याचं उत्तर आपल्याकडे फार आधी दिलं गेलं आहे. ‘सैंधव आण’ म्हटलं तर जेवायला बसलेल्याला मीठ हवं असतं आणि प्रवासाला निघालेल्याला घोडा. संस्कृत शास्त्रकारांचं हे ठरलेलं उदाहरण. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशाकशावरून ठरतो याची यादीच दिली : संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण आणि आणखी कितीतरी. ‘राम’ लक्ष्मणाशेजारी असेल तर दाशरथी, कार्तवीर्य अर्जुनासमोर उभा असेल तर परशुराम. विसाव्या शतकात जे. आर. फर्थ यांनी शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते असं सांगितलं आणि ते सूत्र फार गाजलं. फर्थ तरुणपणी लाहोरच्या विद्यापीठात शिकवत होते, हे जाता जाता. आजचे भाषायंत्रं घडवणारे अभियंते फर्थचं नाव घेतात. भर्तृहरीची यादी त्यांनी वाचली तर त्यांचं काही बिघडणार नाही.

आणि मराठीचा ‘रन’ कोणता? ‘करणे’, ‘पडणे’, ‘मारणे’ असे दावेदार पुष्कळ. प्रस्तुत वक्त्याचं मत ‘लागणे’ला. धातू ‘लाग’, एकच झटका. मुळाशी संस्कृत ‘लग्न’, म्हणजे चिकटलेलं. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते. आंबे लागतात, विहिरीला पाणी लागतं, आणि दुष्काळात न लागताही राहतं. दार लागतं, निकाल लागतो, नोकरी लागते, लग्न लागतं. घाटात एखाद्याला गाडी लागते आणि फलाटाला वेगळीच गाडी लागते. मिरची जिभेला लागते, बोलणं मनाला लागतं, तानपुरा सुरात लागतो. हा तुझा कोण लागतो, असंही विचारतात. इथवर स्पर्शाचा धागा ताणून का होईना पकडता येतो. पण ‘रडू लागला’मध्ये ‘लागणे’ म्हणजे सुरुवात आणि ‘जावं लागलं’मध्ये सक्ती. चिकटण्यापासून निघालेला शब्द व्याकरणाच्या कामाला लागला, आणि या वाक्यातही तो न सांगता येऊन बसला. शंभर टक्के मराठी बोलणारा माणूस त्याच्याशिवाय अर्धा तास काढू शकेल का, याची शंका आहे.

‘लागणे’चा असा हिशेब मांडायचा तर कोशांची परंपरा आपल्याकडेही आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि वाढवलेली दुसरी नेमकी १८५७ ची. लंडनची समिती बसली त्याच वर्षाची. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून निघू लागला. १९९९ मध्ये शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांच्या जुन्या मराठीच्या कोशाने १३५० पर्यंतच्या ग्रंथांतले दाखले देऊन एक मोठं काम केलं. १३५० नंतरच्या साडेसहा शतकांतला ‘लागणे’ अजून कुणीतरी चिठ्ठीवर उतरवायचा आहे. काही अर्थांना खालची सीमा तर आजच घालता येते. मुंबईत टेलिफोनचं एक्सचेंज १८८२ मध्ये सुरू झालं, त्याआधी इथे कुणाचा फोन ‘लागला’ असणार नाही. वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रं ७ जुलै १८९६ ला दाखवली गेली, त्याआधी इथे कुठे सिनेमा ‘लागला’ असणार नाही. नाटक ‘लागणं’ त्याहून जुनं असू शकेल, आणि तसं असेल तर सिनेमाने तो शब्द नाटकवाल्यांकडूनच उचलला असेल. १८८१ पासूनचे ‘केसरी’चे अंक, संगीत नाटक मंडळ्यांची हस्तपत्रकं आणि मूकपटांच्या जाहिराती एवढं चाळलं, तरी या एका अर्थाचा पहिला दाखला सापडण्याची आशा धरता येईल.